भुरीनं खाल्लेली बोलणी

या लेखात नाव येईल ते फक्त एका म्हशीचं. माणसांची नावं मी सांगणार नाही. आम्ही ज्या वाटेनं वाढलो, त्या वाटेवरच्या मुलांची नावं जाहीर करायची नसतात. तसा कायदाच आहे आणि चांगला कायदा आहे. जिनं आम्हाला सांभाळलं तिचं नाव सांगावं, तर भीमपूरकडचं शेंबडं पोरही आम्हाला ओळखेल. म्हशीला तो कायदा लागू नाही. तिचं नाव भुरी.

आम्हाला सांभाळणाऱ्या बाईला आम्ही मोठी माय म्हणायचो. तेही तिनंच ठरवून दिलं होतं. बालकल्याण समितीच्या मॅडम मला जीपमधून तिच्या दारात सोडून गेल्या, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्याआधी एका नातेवाइकाकडे आणि नंतर एका वसतिगृहात राहून मी एवढं शिकले होते, की नव्या घरी गेल्या गेल्या घरच्या बाईला आई म्हणावं, म्हणजे निदान पहिले दिवस बरे जातात. मी तसं म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माय नोको मनू. तुई माय जे होती ते होती. मले मोठी माय मन."

आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला मोठी माय म्हणतात. नातं जवळचं, पण आईच्या जागेवर हक्क न सांगणारं. मला तेव्हा ते मुळीच आवडलं नाही. आई म्हणण्याची माझी तयारी होती आणि समोरून नकार आला, असं मला वाटलं.

मोठी माय उंच आणि काटक होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. थोडं शेत होतं, ते बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. कापूस, ज्वारी, मधे तुरीच्या ओळी. ज्यांना कोणी नाही अशी मुलं आपल्या घरी ठेवून घेणारं कुटुंब पाहिजे, असं विचारत समितीची माणसं गावात आली, तेव्हा सगळे म्हणाले, विचार करून सांगतो. हिनं एकच विचारलं म्हणे, "लेकरू भाकर खाते ना? मंग आना." तिच्याबद्दल गावात जे किस्से सांगतात त्यातले निम्मे खोटे आहेत. हा खरा आहे, कारण मी तिला ओळखते.

तिची पहिली तऱ्हा पिशवीची. आमच्यासारखी मुलं येतात ती एक पिशवी घेऊन. दोन कपडे, एखादा फोटो, एखादी तुटकी वस्तू. ती पिशवी मुलं खुंटीला टांगत नाहीत. दाराजवळ ठेवतात, कारण कधी उचलायची वेळ येईल सांगता येत नाही. मी आंघोळीला गेले आणि परत येऊन पाहते तर माझे कपडे फळीवर रचलेले आणि माझ्या पिशवीत गळ्यापर्यंत तूर भरलेली! वर सुतळीनं तोंड शिवलेलं. मी विचारलं, माझी पिशवी? तर म्हणाली, "तुरीले पिशवी नोती." घरात रिकामी पोती ढिगानं पडली होती. पुढं कधी रुसून घर सोडायचं मनात आलं, की ती तूर आडवी यायची. एवढी तूर ओतायची कुठं, या विचारातच माझा रुसवा जायचा.

दुसरी तऱ्हा भुरीची. ही तऱ्हा म्हणजेच मोठी माय, असं म्हटलं तरी चालेल.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या हातून पाण्याचा माठ फुटला. ऐन मे महिना. मी त्या खापरांपाशी उभी राहिले. आता काय होणार ते मला आधीच्या घरांनी शिकवलं होतं. मोठी माय आली, तिनं खापरं पाहिली, मला पाहिलं आणि मागच्या गोठ्यात गेली. मग गोठ्यातून आवाज सुरू झाला.

"काऊन वं भुरे, डोये फुटले का तुये? येवढा मोठा माठ दिसला नाई? आता थंडं पानी कोठून आनू? तुया बापानं ठिवलं का? धिंगाना घालत फिरतं घरात, पाय का हायेत का खुट्टे?"

भुरी रवंथ करत होती. ती सकाळपासून गोठ्यातून हललेली नव्हती.

मी मागून जाऊन हळूच म्हटलं, "मोठी माय, माठ मी फोडला."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. मग माझ्या हाताला कुठं लागलं का ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला जेवायला वाढलं.

पुढं कळलं, की ती आम्हाला रागावतच नाही. कधीच नाही. शाळा बुडवा, दूध उतू घाला, परीक्षेत आपटी खा. बोलणी भुरी खायची. भुरी घरच्याच म्हशीच्या पोटची, याच गोठ्यात जन्मलेली. तिला बोलायचा मोठ्या मायला पूर्ण हक्क होता. आमच्यावर तसा हक्क नाही, असं तिचं पक्कं मत. स्वतः ती लहानपणी मामाच्या घरी वाढली होती. तिथं मामी बोलायची, मामा बोलायचा, इतकंच काय, शेजारची बाई ताक मागायला यायची तीही दोन शब्द बोलून जायची. बिनमायच्या पोरीला कोणीही बोलावं, अशी रीतच होती जणू. मोठी माय हे सांगताना हसायची. पण त्या घरातच तिनं ठरवून टाकलं होतं, की दुसऱ्याच्या लेकराला आपण बोलायचं नाही.

"हे लेकरं अमानत हाय बाप्पा," ती आल्यागेल्याला सांगायची. अमानत हा आमच्याकडचा जुना, कचेरीतला शब्द. विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू. "अमानतीले जपा लागते. बोला नाई लागत."

ऐकणारे मान डोलवायचे. आम्ही मात्र अमानत असून कंटाळलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि तो. तो वांकिडीकडून आला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. आई वारलेली, बाप कामाला म्हणून चंद्रपूरकडे गेला तो आलाच नाही. त्याची पिशवी खताच्या कंपनीची, नायलॉनची. ती उशाला घेऊन तो झोपायचा. मोठ्या मायनं त्याला न्हाणीत ढकललं आणि तेवढ्यात पिशवीत तूर भरली. तो बाहेर येऊन जो रडायला लागला! मी त्याला माझी तुरीची पिशवी दाखवली तेव्हा कुठं गप्प झाला.

पोरगा मुलखाचा द्वाड होता. झाडावर चढून दुसऱ्याचे पेरू, शाळेच्या नावाखाली ओढ्यात पोहणं, मास्तरांच्या सायकलीची हवा सोडणं. एकदा तर त्यानं शेजाऱ्याच्या बकऱ्या कुंकवानं रंगवल्या. मोठी माय दर वेळी गोठ्यात जायची. भुरीनं त्या वर्षी इतकी बोलणी खाल्ली, की दुसरी कोणी असती तर सुधारून तालुक्याला पहिली आली असती. हा कुडाला कान लावून ऐकायचा. मला वाटायचं, मजा पाहतोय. एकदा मला म्हणाला,

"मोठी माय भुरीले बोलते. मले काऊन नाई बोलत वं?"

"नशीब समज," मी म्हटलं.

"नशीब कायचं? बाजूचा पोट्टा रोज मायच्या शिव्या खाते. मंग तिच्याच मांडीवर डोकं ठिवून झोपते. आपून काय पाव्हने हावो का इथं?"

मी त्याला अभ्यास कर म्हणाले.

कापसाचा हंगाम होता. आदिलाबादच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली, गावातली दोन मोठी पोरं कापसाच्या गाडीवर बसून निघाली आणि हाही त्यांच्यासोबत गेला. तिथं जिनिंगच्या बाहेर कोणाची तरी मोटारसायकल उभी होती. ती तिघांनी पळवली आणि थेट पैनगंगेच्या पुलापर्यंत नेली. तिथं पेट्रोल संपलं. मोठे दोघं पळाले. हा गाडीजवळच बसून राहिला. गाडी सोडून कसं जायचं, दुसऱ्याची वस्तू आहे, असं त्यानं पकडणाऱ्यांना सांगितलं म्हणे. अमानतीचा पाठ त्याला असा भलत्या ठिकाणी आठवला.

वयानं लहान म्हणून त्याला निरीक्षणगृहात ठेवलं. त्याचे कपडे द्या, असा निरोप आला. मी म्हटलं, त्याची पिशवी रिकामी करू का? मोठी माय अंगावर आल्यासारखी वळली, पण बोलली नाही. स्वतःचं धुतलेलं लुगडं काढलं आणि कपडे त्यात बांधले. पिशवीतल्या तुरीला हात लावू दिला नाही.

भेटीच्या दिवशी आम्ही दोघी बसनं जायचो. तो समोर येऊन बसायचा, नखं खात. मोठी माय त्याच्याकडे पाहायची आणि तिला बोलायचं असायचं, पण तिथं भुरी नव्हती. मग ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीला बोलायची. "काऊन वं, गंज चढला अंगाले तरी अक्कल नाई आली? असे दिवस दाखोतं मले?" तिथला पहारेकरी आधी घाबरला. मग ओळखीचा झाल्यावर आम्ही आलो की टाकीजवळचा स्टूल बाजूला सरकवून द्यायचा. तो पोरगा मात्र टाकीकडे बघत बसायचा आणि दर भेटीला जास्तच गप्प होत गेला.

प्रकरण अंगावर आलं ते एका साध्या प्रश्नामुळे. प्रोबेशनचे सर चौकशीला घरी आले. आमचं गाव मराठी, पण राज्य तेलुगू; सरही तेलुगू माणूस, वागायला सभ्य. मोठ्या मायशी हिंदीत बोलले. हिंदी ही मोठ्या मायनं बाजारात मिरच्या घेता घेता शिकलेली भाषा.

"अम्मा, लडका गलती करता है तो डाँटती हो ना?"

"नई साब!" मोठी माय अभिमानानं म्हणाली. "कभ्भी नई डाँटी. एक सबद नई. अमानत हय."

"उसने स्कूल छोडा, तब?"

"तब बी नई. भैस को डाँटी."

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण म्हशीची गोष्ट सांगू तितकी वेडगळ वाटायला लागली. सरांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, की बाई मायाळू आहेत, पण मुलावर त्यांचा कसलाही वचक नाही. त्याला अठरा वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवणं बरं. ते सुधारगृह इतकं लांब होतं, की बसनं जाऊन भाकरी देऊन येणं शक्य नव्हतं. या घराला मुलं सांभाळता येत नाहीत असं एकदा ठरलं, की माझीही पिशवी रिकामी होणार, हे मला न सांगता कळत होतं.

बाल न्याय बोर्डाची बैठक म्हणजे सिनेमातलं कोर्ट नव्हे. साधी खोली, लांब टेबल, साध्या कपड्यातले पोलीस. मधे मॅजिस्ट्रेट मॅडम, वयानं तरुण, शांत. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून शेजारी एक क्लार्क बसवला होता. तो पोरगा भिंतीला टेकून उभा होता. केस वाढलेले, शर्टाचं एक बटण तुटलेलं. मॅडमनी अहवाल वाचला आणि हिंदीत विचारलं, "अम्मा, आप इसको सँभाल सकेंगी? आपने तो इसको कभी कुछ कहा ही नहीं."

मोठी माय उठली. तिनं खोलीभर नजर फिरवली. ती काय शोधत होती ते मला माहीत होतं. तिनं समोरच्या खुर्चीचा पाठीचा दांडा धरला.

"काऊन वं खुर्ची," ती म्हणाली, "लाज..."

आणि थांबली. क्लार्क लिहिता लिहिता थांबला. मोठ्या मायनं खुर्ची सोडली, चालत त्या पोराच्या समोर गेली आणि म्हणाली,

"काऊन रे पोट्ट्या!"

तो दचकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे पाहून रागावली होती.

"गाडी पायजे होती तुले? नदी पाह्याची होती? तोंड शिवलं होतं का? मले मनला अस्ता त बंडी जुतून नेलं नस्तं का मी तुले? मेल्या, दोन दिस भाकर झाकून ठिवली म्या तुयासाठी, कुत्र्याले घातली शेवटी! केसं पाह्य, अस्वलावानी वाढोले! अन् बटन कोठी गेलं? नवा सदरा होता थो! चोराच्या मांगं बसतं? माया घरी राहून? माया घरचा पोट्टा होऊन? काय मनन दुनिया मले? नखं खाऊ नोको, सांगून राह्यली ना तुले, काढ थो हात तोंडातला!"

असं ती किती वेळ बोलत होती कोण जाणे. कोणी तिला थांबवलं नाही. पोराच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तोंड हसत होतं. हसू दाबायला गेला की रडू फुटायचं. मीही रडत होते. आनंद होता, भीती होती, आणि लपवून काय करू, हेवाही होता.

मॅडमनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क मराठी घरातला. त्यानं घसा साफ केला आणि तेलुगूत सांगितलं, की बाई मुलाला केस कापायला सांगताहेत. मॅडम हसल्या. "अक्कर लेदु," म्हणाल्या. भाषांतराची गरज नाही. मग त्यांनी प्रोबेशनच्या सरांशी हळू आवाजात काही बोलून घेतलं, आणि सरांनी दर महिन्याला घरी येऊन पाहायचं, या अटीवर त्याला मोठ्या मायच्या ताब्यात दिलं.

बसमध्येही मोठी माय त्याला बोलतच होती. आदिलाबादपासून भीमपूरपर्यंत. आजूबाजूचे लोक कंटाळून उतरले असतील. तो खिडकीशी बसून, एखादं आवडीचं गाणं ऐकावं तसा ऐकत होता. घरी आल्यावर ती गोठ्यात गेली, भुरीपुढं सरकीची जास्तीची ढेप टाकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभी राहिली. त्या दिवशी भुरीला कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर त्याचं बोलणं त्याला मिळायला लागलं आणि माझं भुरीलाच. माझ्या हातून फार चुका होत नसत, हेच माझं दुर्दैव. मी शहाणी मुलगी होते. पहिल्या बाकावर बसणारी, भांडी न सांगता घासणारी. मी मुद्दाम दूध उतू घालून पाहिलं. मोठी माय गोठ्यात गेली. मला अठरा वर्षं झाली, समितीचा कागद संपला, नर्सिंगला नंबर लागला. मी माझी पिशवी मागितली, तर म्हणाली, तूर हाय तिच्यात. आणि बाजारातून नवी बॅग घेऊन दिली. निघताना मी रडले. ती गोठ्यात जाऊन भुरीला म्हणाली, "रडाले काय झालं वं तुले? नवकरीवाली होनार हायेस ना?" मी बसमध्ये बसून मनात म्हटलं, अमानत होते, परत केली.

आता मी उटनूरच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांना रागावणं हा माझ्या कामाचाच भाग आहे; गोळ्या का नाही घेतल्या, बाळाला का नाही आणलं. तो मोठ्या मायचं शेत करतो आणि गावातल्या मोटारसायकली दुरुस्त करतो. मला फोन करून सगळ्या खबरा देतो. एक दिवस म्हणाला, भुरी गेली. म्हातारी झाली होती, झोपेतच गेली. मग म्हणाला, "मोठी माय आता कोनाले बोलन वं?"

मला लगेच जाता आलं नाही. ड्युट्या, बदली, नवीन इमारत. गेले तेव्हा मे महिना लागला होता. मी स्कूटी घेऊन भर दुपारी दारात उभी राहिले. मोठी माय ओट्यावर होती. वाकली होती, पण डोळे तेच. तिनं मला पाहिलं आणि काठी आपटली.

"काऊन वं पोट्टे! डोकशाले फडकं नाई बांधता येत? येवढ्या उन्हात? नर्स हायेस ना तू, लोकाइले शिकोतं? अन् किती दिसानं आलीस? दिवाई गेली, संकरात गेली, मी काय रस्त्याकडं पाह्यत बसू? हाडं पाह्य दिसून राह्यले! थो दवाखाना तुले खाऊ घालते का नाई?"

मी तशीच उन्हात उभी राहिले. डोक्यावर काही घेतलं नाही, सावलीतही गेले नाही. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं. मग मनात आलं, की भुरी नाही, म्हणून आता मला. तेवढ्यानंही माझं भागलं असतं, खरंच सांगते.

तेवढ्यात तो मागून आला आणि म्हणाला, "ये, नवी म्हैस दाखोतो. आठवडा झाला आनून."

आम्ही तिघं गोठ्यात गेलो. काळीभोर, तरणी म्हैस, अजून बुजरी. समोर दुधाची बादली होती. आमची चाहूल लागताच तिनं पाय झाडला, बादली कलंडली आणि सगळं दूध शेणात गेलं. मी मोठ्या मायच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हशीला काहीच बोलली नाही.

"नवी हाय," तो माझ्या कानात म्हणाला. "लोकाच्या घरची. तिले बोलत नाई मोठी माय."

मोठी माय माझ्याकडे वळली.

"पाह्यत काऊन राह्यली वं? उचल ना थे बादली!"

मी बादली उचलली.